डोक्याला सुया टोचून केस येतात का? सायन रुग्णालयात काय दिसलं आणि घरच्या घरी काय करू नये

मोताळा | तालुका प्रतिनिधी

मोबाइलवर एकदा कुणी 'केसगळती' शोधलं की पुढे महिनाभर त्याच त्या जाहिराती येत राहतात. बारीक सुयांचा रोलर, सोबत 'ग्रोथ फॅक्टर'वालं सीरम, आणि टक्कल असलेल्या माणसाचे आधीचे-नंतरचे फोटो. रोलर तीन-चारशे रुपयांत घरपोच मिळतो. तालुक्यातली लग्नाला आलेली पोरं तो मागवतात, आणि एकच रोलर तिघा-चौघा मित्रांत फिरतो. "भाऊ, डोक्याले जखमा केल्यावर केस कसे काय येतीन?" असं एकानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. जाहिरातीत जे सांगतात त्यातलं थोडं खरं आहे, त्यामागे आपल्याच राज्यातल्या एका सरकारी रुग्णालयाचा अभ्यास आहे. पण त्या अभ्यासात जे केलं ते आणि आपली पोरं घरी आरशासमोर जे करतात ते, यात फार फरक आहे.

केसांचा विषय आपल्या जिल्ह्यात आता चेष्टेचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस विरळ, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे नाही, शाळेतली लेकरं आणि कॉलेजच्या मुली. काहींची जमलेली लग्नं मोडली, काहींनी लाजेपायी घराबाहेर पडणं सोडलं. सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, कारण तो भाग खारपाणपट्ट्याचा. आयसीएमआरची पथकं आली, नमुने घेऊन गेली.

मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोहोचले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी त्यांचं नाव जगात आहे, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि मूळचे ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांच्या अभ्यासात १८ गावांतले २७९ रुग्ण होते. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीपेक्षा सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळलं. जस्त मात्र कमी होतं. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे आधीपासून माहीत होतं.

आता हे रोलरच्या बातमीत कशाला? कारण केस गेले की सगळ्यांना एकच औषध लागतं असं आपण धरून चालतो. शेगावकडच्या लोकांना सुया टोचायची काहीच गरज नव्हती. पोटात जाणारं विष थांबलं आणि बऱ्याच जणांचे केस आपोआप परत उगवू लागले. मूळ जिवंत होतं, नुसता पाला झडला होता.

हे आपल्याला नवीन नाही. ज्यांनी शेळ्यांना किंवा वासरांना नुसती सुबाभूळ खाऊ घातली आहे, त्यांनी जनावराचे केस झडलेले पाहिले असतील. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, ते केसाच्या मुळाची वाढ थांबवतं. चारा बदलला की केस परत येतात. तिथे कुणी जनावराला तेल चोळत बसत नाही.

केस गळतो म्हणजे नेमकं काय होतं

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाखाली कातडीत एक बारीक पिशवी असते, त्यातून तो उगवतो. ही पिशवी कायम काम करत नाही. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे पिशवी आकसते. मग तीनेक महिने विश्रांती, आणि जुना केस पडून नवा निघतो. म्हणजे रोज ५० ते १०० केस पडणं हे चालायचंच. कंगव्यात गुंता दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपासमार, अशा धक्क्यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी भसाभस गळतात. माणसाला वाटतं आत्ताच काही झालं. खरं कारण मागच्या हंगामातलं असतं. हेही बहुतेक वेळा आपोआप भरून येतं.

चाई वेगळी. गोल चट्टा पडतो, कातडी गुळगुळीत होते. त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षणाची फौज केसाच्या मुळावर उलटते. लहान लेकरांच्या डोक्यात खवले येऊन केस तुटतात ते बहुधा बुरशीनं, त्याला बुरशीचं औषध लागतं.

आणि चौथं ते आपलं नेहमीचं टक्कल. कपाळ मागे सरकतं, टाळू उघडी पडते, बाप-आजा-मामांत कुणाला तरी असतं. यात पुरुषी हार्मोनमुळे केसाची पिशवी दर फेरीला लहान होत जाते. आधी जाड केस, मग बारीक, मग नुसती लव. पिशवी बराच काळ शिल्लक असते, पण तिच्यात दम राहत नाही. रोलरचा जो अभ्यास झाला तो फक्त या चौथ्या प्रकारावर. जाहिरातवाले हे सांगत नाहीत.

उंदरापासून सुरुवात

पूर्वी डॉक्टर असं मानायचे की जन्माला येताना जेवढ्या केसांच्या पिशव्या मिळाल्या तेवढ्याच, नंतर एकही नवी होत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज कोट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक शोध छापला. मोठ्या उंदराच्या पाठीची कातडी साधारण एक सेंटिमीटर चौरस, पूर्ण जाडीची, काढून टाकली. जखम भरली, आणि भरलेल्या जागेच्या मधोमध नव्या पिशव्या तयार होऊन केस उगवले. केस पांढरे होते, पण उगवले. कातडी भरून काढताना शरीर पोटातल्या गर्भासारखे संदेश पुन्हा पाठवतं, आणि त्यातला एक ठरावीक संदेश अडवला तर केस येत नाहीत, हेही त्यांनी दाखवलं.

यावरून लोकांनी 'जखम करा, केस मिळवा' असं धरलं. पण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यात लहानपणी दगड लागून खोक पडलेली आहे. तिथे आज काय आहे? चकचकीत डाग, एकही केस नाही. माणसाची खोल जखम व्रणानं भरते. उंदराचं आणि आपलं इथे जमत नाही. २०१३ मध्ये याच गटानं त्याचं एक कारण दाखवलं. उंदराच्या कातडीत एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी भरपूर असतात, जखम झाली की त्या एक ग्रोथ फॅक्टर सोडतात आणि तिथून नव्या केसांचं काम सुरू होतं. माणसाच्या कातडीत त्या पेशी फार थोड्या. म्हणजे उंदराकडे जे बियाणं आहे तेच आपल्याकडे कमी.

तरी एक वाट उरते. नवी पिशवी करायची नाही, जी दमली आहे तिलाच हलवायचं. त्यासाठी खोल जखम नको, सुईच्या टोकाएवढी पुरते. कपाशीचा शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, हे आपण दरवर्षी करतो. पण त्याच झाडाच्या खोडावर कोयता घातला तर झाड बसतं. जखमेचं माप महत्त्वाचं.

सायनला काय केलं

मुंबईच्या सायन रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोग विभागाच्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी हे माणसांवर करून पाहिलं. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचं टक्कल पडू लागलेले १०० पुरुष घेतले आणि दोन गट केले. एका गटानं फक्त मिनॉक्सिडिल ५ टक्के हे औषध दिवसातून दोनदा लावलं. दुसऱ्या गटानं तेच औषध लावलं, आणि शिवाय आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावर दीड मिलिमीटर सुयांचा रोलर फिरवला, कातडी किंचित लाल होईपर्यंत. टोचलं त्या दिवशी औषध बंद, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

१२ आठवड्यांनी डोक्याचा तोच आखलेला भाग मोजला. ९४ जण शेवटपर्यंत टिकले होते. नुसत्या औषधाच्या गटात त्या भागात सरासरी २२ केस वाढले, सुया आणि औषध दोन्हीच्या गटात ९१. सुयांच्या गटातल्या ८२ टक्के लोकांनी सांगितलं की निम्म्याहून जास्त सुधारणा वाटते, नुसत्या औषधाच्या गटात असं म्हणणारे साडेचार टक्के. त्यानंतर २०१५ मध्ये याच विभागानं अशा चार पुरुषांची नोंद छापली, ज्यांना नेहमीच्या औषधांनी पुढे फरक पडत नव्हता. सुया जोडल्यावर त्यांना फायदा झाला आणि उपचारानंतर दीड वर्षांनीही टिकून होता. पुढे बाहेरच्या देशांतही असे प्रयोग झाले आणि त्यांनी याच अभ्यासाचा आधार घेतला. मुंबईच्या पालिकेच्या दवाखान्यातून निघालेलं काम जगभर वाचलं जातं, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

पण आकडे वाचताना थोडं थांबायला पाहिजे. शंभर माणसं म्हणजे थोडी. बारा आठवडे म्हणजे केसाच्या आयुष्यात फार कमी काळ. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं, हे चांगलं केलं. पण ज्याला टोचलं त्याला तर माहीतच असणार, त्यामुळे 'वाटतं' या आकड्यावर फार भर देऊ नये. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: सुया एकट्या नव्हत्या. औषध दोन्ही गटांत होतं. नुसता रोलर फिरवून केस आले, असं या अभ्यासात कुठेही नाही.

सुयांनी काय होत असावं? दोन गोष्टी सांगतात. एक, बारीक छिद्रांतून औषध आत जास्त मुरतं. दुसरी, टोचल्यावर थेंबभर रक्त येतं, रक्तातल्या प्लेटलेट तिथे फुटतात आणि त्यांच्यातले ग्रोथ फॅक्टर बाहेर पडतात. डेंग्यूत आपण 'पेशी कमी झाल्या' म्हणतो ना, त्याच या पेशी. रक्त थांबवणं हे त्यांचं पहिलं काम. पण त्यांच्या पोटात दुरुस्तीच्या निरोपांच्या चिठ्ठ्याही असतात: इथे नवी रक्तवाहिनी घाला, इथे कातडी भरा. या चिठ्ठ्या म्हणजे ग्रोथ फॅक्टर.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे युरिया नव्हे

नावात 'ग्रोथ' आहे म्हणून टाकलं की वाढलं, असं नसतं. याचं उदाहरण मेंढरांचं आहे आणि ते धनगर भावांना आवडेल. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ, हा या जातीतला सगळ्यांत आधी सापडलेल्यांपैकी एक. तो शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. कातडी वाढवणारा हा पदार्थ. ऑस्ट्रेलियात शास्त्रज्ञांनी तो मेंढीला टोचून पाहिला, तर लोकर वाढली नाही, उलट मुळाशी तुटली. मग त्याचाच धंदा झाला. १९९८ पासून तिथे मेंढीला एक इंजेक्शन देऊन वर जाळी घालत, आणि काही आठवड्यांनी कात्री न लावता सगळी लोकर सोलून काढत. पुढे मेंढीला नवी लोकर येते.

तोच ईजीएफ हल्ली केस वाढवायच्या काही सीरमच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. आणखी एक आहे, एफजीएफ-५. हा तर केसाला 'आता वाढ थांबव' सांगणारा निरोप आहे; तो ज्या कुत्र्या-उंदरांत जन्मापासून बिघडलेला असतो त्यांचे केस लांबच लांब वाढतात. तेव्हा कुठला निरोप, किती, कोणत्या वेळी, यावर सगळं आहे. बाटलीवर नुसतं 'ग्रोथ फॅक्टर' लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

शहरातल्या क्लिनिकमध्ये पीआरपी करतात, त्यात निदान पदार्थ आपलाच असतो. हातातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं. डेअरीतल्या सेपरेटरमध्ये दूध आणि साय वेगळी होते तसं लाल रक्त खाली बसतं आणि प्लेटलेटवालं पिवळं पाणी वेगळं निघतं. ते डोक्यात टोचतात. एका वेळचे काही हजार रुपये, आणि अशा तीन-चार वेळा. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत साधं सलाईन टोचलेल्या बाजूपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. प्रत्येक ठिकाणचं यंत्र वेगळं, फिरवायची रीत वेगळी, म्हणून निकालही एकसारखे नाहीत. ज्याला परवडतं आणि चांगला त्वचारोगतज्ज्ञ आहे त्यानं विचारून करावं. त्यासाठी सोयाबीनचे पैसे मोडावेत किंवा व्याजानं काढावेत, असं मला वाटत नाही.

घरचा रोलर

मुद्दा इथे येतो. सायनला सुया निर्जंतुक होत्या, हात डॉक्टरांचा होता. आपल्याकडे रोलर नळाखाली धुवून खिडकीत ठेवतात. सुई रक्ताला लागते. त्याच रोलरनं दुसऱ्यानं टोचलं तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही जाऊ शकतात. सख्खा भाऊ असला तरी रोलर देऊ नका. डेटॉलमध्ये बुडवला म्हणजे शुद्ध झाला, हा गैरसमज आहे. सलूनवाल्या दादांनाही विनंती आहे: ब्लेड तुम्ही गिऱ्हाइकासमोर बदलता, तसं रोलरचं करता येत नाही, म्हणून ते काम अंगावर घेऊ नका.

बऱ्याच जणांची आणखी एक चूक होते. टोचल्याबरोबर लगेच मिनॉक्सिडिल ओततात, जास्त मुरेल म्हणून. मिनॉक्सिडिल हे मुळात बीपीचं औषध आहे. बीपीच्या रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तिथून त्याचं टकलावरचं औषध झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावायला मंजूर झालं. उघड्या छिद्रांतून ते रक्तात जास्त गेलं तर चक्कर, छातीत धडधड, पाय सुजणं होऊ शकतं. सायनला त्या दिवशी औषध बंद ठेवत होते, ते लक्षात ठेवा.

ज्यांना सोरायसिस, कोड आहे, त्यांनी सुयांच्या वाटेला जाऊ नये. टोचलेल्या जागी तोच आजार नव्यानं उठतो. ज्यांची जखम गाठीसारखी फुगून भरते, ज्यांची शुगर आटोक्यात नाही, जे रक्त पातळ करायच्या गोळ्या खातात, डोक्यात फोड किंवा बुरशी आहे, त्यांनीही नको. गरोदर बायांनी मिनॉक्सिडिल लावू नये. आणि घरात मांजर असेल तर औषध लावलेलं डोकं, उशी तिला चाटू देऊ नका. मांजरीला ते थोडंही विषारी असतं, जीव जातो.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, जुने पडून नवे यायचे असतात म्हणून. तिथेच घाबरून पोरं सोडून देतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की काही महिन्यांत मिळवलेलं परत जातं. म्हणजे ही एकदाची फवारणी नाही, कायमचं पाणी देणं आहे. हे आधी माहीत असेल तर सुरू करायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

केस लावण्याच्या ऑपरेशनबद्दलही बरेच जण विचारतात. ते खरं ऑपरेशन आहे, भूल दिली जाते. मार्च २०२५ मध्ये कानपूरला अशा ऑपरेशननंतर एका इंजिनिअरचा जीव गेला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. करणारा डॉक्टर त्वचेचा किंवा प्लास्टिक सर्जरीचा आहे का, हे विचारायला लाजू नका.

तपासणीसाठी लांब जायची गरज नाही. बुलढाणा आणि खामगावच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येतं, पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना तीन गोष्टी लिहून न्या: गळती कधी सुरू झाली, त्याच्या आधी तीन महिन्यांत कोणता ताप-आजार झाला, आणि सध्या काय काय गोळ्या-पावडरी चालू आहेत. बायांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला सांगावं, कारण गळतीमागे बऱ्याचदा तेच निघतं. आणि एकाच घरात किंवा एकाच गल्लीत तीन-चार जणांचे केस आठवड्याभरात जात असतील, नखं पांढरी पडून सुटत असतील, तर रोलर-तेल काही न करता त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि घरात जे धान्य खाताय त्यातलं किलोभर वेगळं बांधून ठेवा. तपासायला तेच लागतं.